दुधाच्या दातांना आम्लाची झळ

दातांवर कीड नाही, काळा डागही नाही. तरीही तीन-चार वर्षांच्या मुलाचे दात गुळगुळीत, पिवळसर व आखूड दिसू लागतात. ही आम्लामुळे होणारी दातांची झीज असू शकते. दात किडताना तोंडातील जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. झिजेत मात्र आम्ल खाण्यापिण्यातून किंवा जठरातून थेट दातांवर येते. त्यामुळे बिनसाखरेचे आंबट पेयही निर्धोक ठरत नाही.

दातांवरील इनॅमलचे कवच साधारण ५.५ पेक्षा कमी पीएचला विरघळू लागते. कोला पेयांचा पीएच सुमारे २.५, तर बहुतेक फळांच्या रसांचा ३ ते ४ असतो. दुधाच्या दातांचे इनॅमल कायमच्या दातांपेक्षा पातळ असल्याने त्याखालील पिवळसर थर लवकर उघडा पडतो. मग थंड-गरम लागताच दात ठणकतात आणि मूल जेवताना कुरकुर करते.

पवईत हिरानंदानी परिसरातील मॉलपासून फिल्टरपाड्यातील किराणा दुकानापर्यंत ज्यूसचे खोके व शीतपेये सहज मिळतात. पेय किती प्यायले, याइतकेच ते किती वेळ तोंडात राहिले, हेही महत्त्वाचे असते. लाळ आम्लाचा प्रभाव कमी करते. परंतु मूल तासभर बाटली चोखत राहिल्यास तिला अवसर मिळत नाही. झोपेत लाळ कमी सुटत असल्याने रात्रीची ज्यूसची बाटली अधिक घातक ठरते.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना रस देऊ नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला १२५ मिलिलिटरहून अधिक नको. तोही जेवणासोबत द्यावा व नंतर पाणी पाजावे. आंबट खाल्ल्यावर किमान अर्धा तास दात घासू नयेत. वारंवार उलट्या होणाऱ्या मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

झिजलेले इनॅमल पुन्हा तयार होत नाही. ‘दुधाचे दात पडणारच’ ही समजूतही फसवी आहे, कारण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत चावण्याचे काम करतात. पवईकरांना कांजूरमार्गहून लोकलने सीएसएमटी गाठल्यास सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय जवळ पडते. मुंबई सेंट्रलला पालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे बालदंतरोग विभाग आहेत.