मूकपटाच्या पाटीपासून पडद्याखालच्या ओळीपर्यंत

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, तेव्हा पडद्यावरची माणसे नुसतेच ओठ हलवीत होती. बोलत होत्या त्या पाट्या! प्रसंग मध्येच थांबे, इंग्रजी व नागरी अक्षरे झळकत आणि कथा पुन्हा चालू लागे. पाटी लवकर गेली तर सावकाश वाचणारा मागे पडायचा, रेंगाळली तर चपळ वाचणारा चुळबुळायचा. शब्द आणि वेळ यांचा हा संसार तेव्हापासूनचा आहे.

बोलपट आला आणि नवीच पंचाईत झाली. १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित केला. केवढा हा खटाटोप! पुढे फिल्मवरच अक्षरे उमटविण्याची युक्ती निघाली. पण प्रत्येक भाषेला प्रत निराळी.

संगणकाने शब्द चित्रापासून सोडविले. 'सबरिप' पद्धतीची फाइल उघडून पाहावी, ती शाळेच्या हजेरीपटाइतकी साधी असते: वर अनुक्रमांक, त्याखाली ओळ केव्हा यावी व केव्हा जावी त्या वेळा, मग शब्द. सेकंदाच्या हजाराव्या भागाआधी येथे स्वल्पविराम असतो. इंटरनेटवरच्या 'वेबव्हीटीटी' पद्धतीत तेथे टिंब लागते, आणि माथ्यावर पद्धतीचे नावही. एवढ्याशा टिंबापायी ओळ पडद्यावर येईनाशी होते!

यावर उपाय म्हणजे फाब्रिस बेलार यांनी २००० साली आरंभिलेले 'एफएफएमपेग'. काळ्या खिडकीत त्याचे नाव टंकावे, मग 'डॅश आय', मग जुनी फाइल आणि शेवटी नवी. नव्या नावाच्या शेपटावरून ते पद्धत ओळखते आणि क्षणात हजारो ओळी बदलून देते.

मराठीची खरी अडचण यापुढे आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच स्थान मिळाले. तरी कित्येक वर्षे आपण रोमन अक्षरांच्या घरांत नागरी आकार बसविलेले टंक वापरीत होतो. तशा टंकात लिहिलेली फाइल वरील यंत्राला द्या. वेळा अचूक बदलतील, शब्द मात्र रोमन गिचमिडच राहतील. आमच्या कळव्याहून गाडी खाडी ओलांडून ठाण्याला वेळेवर पोचावी आणि डब्यातली माणसेच अनोळखी निघावीत, अशातला हा प्रकार!

म्हणून आधी टंक पालटावा, मग पद्धत. तेथेही पहिली वेलांटी छळते. जुन्या टंकात ती व्यंजनाआधी साठविलेली असते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. पालटणाऱ्याने ही उलटापालट केली नाही, तर वेलांटी शेजारच्याच अक्षराला जाऊन चिकटते आणि शब्दाचे रूप बिघडते.

हा नुसता पंडिती काथ्याकूट नव्हे. १९९९ साली अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती गीतांखाली त्याच भाषेतील ओळी दाखविण्याचा प्रयोग झाला, तो गाणे ऐकता ऐकता लोकांचे वाचन सुधारावे म्हणून. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला कमी ऐकू येते. इतर मुले संवाद ऐकतात, तो खालची ओळ वाचतो. ती बिघडली तर इतरांना पत्ताही लागत नाही. म्हणून फाइल बदलून झाली की मी तिच्यावर लाल पेन्सिल घेतल्यासारखी नजर फिरवितो; आधी वेलांट्या, मग जोडाक्षरे.