मोटारगाडीच्या शीतन प्रणालीतील इशाऱ्याचे निदान

मोटारगाडीच्या शीतन प्रणालीतील इशाऱ्याचे निदान म्हणजे चालकासमोरील फलकावर इंजिनाच्या तापमानाचा किंवा शीतकाच्या पातळीचा दिवा लागल्यावर त्यामागचे कारण क्रमाने शोधण्याची प्रक्रिया होय. गॅरेजच्या भाषेत या बिघाडाला सरसकट 'गाडी तापली' असे म्हणतात. परंतु दिवा लागणे आणि इंजिन प्रत्यक्ष तापणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. फेरबदल केलेल्या वेगवान गाड्यांमध्ये हा भेद ओळखणे विशेष कठीण असते. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील घाटरस्ते, उन्हाळा व पाण्याचा कठीणपणा यांमुळे या विषयाला तेथे व्यावहारिक महत्त्व आहे.

कार्यपद्धती

इंजिनाभोवतीच्या पोकळीतून फिरणारे द्रव, म्हणजेच शीतक किंवा कूलंट, उष्णता शोषून रेडिएटरमध्ये हवेला देते. हे द्रव फिरवणारा वॉटर पंप अपकेंद्री तत्त्वावर चालतो. कारागीर त्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात. शेतातील विद्युतपंपाचे तत्त्वही हेच असून असे पंप बनवणारी किर्लोस्करवाडी (स्थापना १९१०) सांगली जिल्ह्यातच आहे. विहिरीवरच्या पंपाने 'हवा धरली' की तो फिरतो पण पाणी उचलत नाही. गाडीच्या प्रणालीत हवेचा बुडबुडा अडकल्यास नेमके तेच घडते.

थर्मोस्टॅट ही झडप साधारण ८२ ते ९० अंश सेल्सियसला उघडू लागते. रेडिएटरचे झाकण प्रणालीत वातावरणापेक्षा सुमारे १ बार अधिक दाब राखते. त्यामुळे साधे पाणीदेखील १२० अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत उकळत नाही. झाकणाची रबरी कडा कडक झाल्यास ही सुरक्षितता नाहीशी होते. स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित असा हा भाग आहे.

इशाऱ्याचे स्वरूप

तापमानाचा लाल दिवा आणि शीतकाच्या पातळीचा दिवा वेगवेगळ्या संवेदकांवर चालतात. अनेक आधुनिक गाड्यांत काटा बऱ्याच मोठ्या तापमान-पट्ट्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे तो हलू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. याहून फसवी स्थिती म्हणजे चढलेला काटा अचानक खाली येणे. शीतक गळून गेल्यावर संवेदक द्रवाऐवजी हवेत उघडा पडतो व कमी तापमान दाखवू शकतो. अशा वेळी 'गाडी निवली' असे समजून पुढे गेल्यास ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते, हेड गॅस्केट फुटते किंवा पिस्टन अडकून इंजिन जाम होते.

सातारा-सांगली परिसरातील परिस्थिती

पुण्याहून साताऱ्याकडे येताना राष्ट्रीय महामार्ग ४८ वरील खंबाटकी घाट लागतो. परतीच्या वाहनांना बोगदा असला तरी साताऱ्याकडे जाणारी वाहतूक वर्षानुवर्षे घाट चढत आली आहे, आणि सलग सुट्ट्यांच्या कोंडीत तेथे तापून बंद पडलेल्या गाड्या हे नेहमीचे दृश्य आहे. मंद गतीचा चढ हा शीतन प्रणालीसाठी सर्वांत वाईट प्रसंग असतो: इंजिनावर भार मोठा, आणि समोरून येणारी हवा जवळजवळ नाही. वाई-पाचगणी मार्गावरील पसरणी घाट आणि पाटणहून चिपळूणकडे जाताना लागणारा कुंभार्ली घाट यांची नावे याच संदर्भात घ्यावी लागतात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी ९६ अंशांच्या आतच उकळते आणि हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे १२ टक्के कमी असते; म्हणजे तोच पंखा तेथे कमी उष्णता वाहून नेतो.

सांगली जिल्ह्यातील प्रश्न निराळे आहेत. जत, आटपाडी, कवठे महांकाळ या अवर्षणप्रवण तालुक्यांत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या घरात जातो. कूपनलिकेचे कठीण पाणी रेडिएटरमध्ये वारंवार भरल्यास अरुंद नळ्यांत क्षारांचा थर बसतो. वरून पाणी पुरेसे दिसते, पण रेडिएटरचा काही भाग थंडच राहतो. कृष्णाकाठी आणखी एक कारण संभवते. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांसारख्या प्रसंगी पाण्याखाली गेलेल्या गाड्यांत रेडिएटरच्या पात्यांमध्ये गाळ बसतो आणि विद्युत जोडण्या गंजतात. तारेचा हा दोष काही महिन्यांनी खोट्या इशाऱ्याच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

फेरबदलांचे परिणाम

टर्बोचा दाब किंवा इंजिन-नियंत्रकातील आज्ञावली बदलून शक्ती वाढवली की उष्णताही वाढते, मात्र रेडिएटर बहुधा मूळचाच राहतो. त्यातच मोठा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसवल्यास हवेची वाट अडते आणि जी पोहोचते ती आधीच तापलेली असते. पंख्याभोवतीचे आवरण जागेअभावी काढून टाकणे ही नेहमीची चूक आहे; आवरणाविना पंखा संपूर्ण रेडिएटरमधून हवा ओढत नाही. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवताना तापमान-संवेदकाचा रोध फलकाशी किंवा नियंत्रकाशी जुळला नाही, तर निकोप इंजिनावरही लाल दिवा लागतो.

थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची पद्धत अनेक गॅरेजांत रूढ आहे. तिचे समर्थन करता येत नाही: इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन अधिक जळते आणि मूळ दोष झाकला जातो.

निदानाचा क्रम

दिवा लागताच वातानुकूलन बंद करून केबिनचा हीटर पूर्ण गरम स्थितीवर चालवावा व सुरक्षित जागी थांबावे. वाफ दिसत असल्यास इंजिन लगेच बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळते द्रव उसळून गंभीर भाजते. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.

इंजिन निवल्यावर प्रथम पातळी आणि गळती पाहावी. गळती दिसत नसेल तर हातपंपाने प्रणालीत दाब भरून तो टिकतो का हे तपासतात. त्यानंतर खरा प्रश्न येतो: गाडी केव्हा तापते? उभी असताना तापून महामार्गावर निवत असेल तर पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज संशयित ठरतो. वेगात किंवा चढावर तापत असेल तर तुंबलेला रेडिएटर, झिजलेला पंप अथवा हवेचा अडथळा शोधावा. इंजिन गरम असूनही हीटरची हवा थंड येत असल्यास शीतक कमी आहे किंवा प्रणालीत हवा अडकली आहे.

निदान-यंत्र जोडल्यास संकेतांक मिळतात. पी०२१७ अतितापन दर्शवतो, पी०११७ व पी०११८ संवेदकाच्या परिपथातील दोष, पी०१२८ थर्मोस्टॅट उघडा राहिल्याची शक्यता, तर पी०४८० पंख्याच्या नियंत्रण-परिपथातील बिघाड. यंत्रावरचे तापमान आणि अवरक्त तापमापकाने थर्मोस्टॅटजवळ घेतलेले माप यांत मोठा फरक आढळल्यास इंजिनापेक्षा संवेदकावर संशय घ्यावा. फेरबदल केलेल्या गाडीत ही पडताळणी भाग बदलण्याच्या आधी झाली पाहिजे.

सर्वांत खर्चिक शक्यता हेड गॅस्केटची. थंड इंजिन सुरू करताच वरची नळी ताठ होणे, टाकीत सतत बुडबुडे येणे, तेल दुधाळ दिसणे आणि धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर निघणे ही तिची लक्षणे होत. खात्रीसाठी टाकीवरची हवा निळ्या रासायनिक द्रवातून ओढतात; ज्वलनवायू मिसळलेला असल्यास द्रव पिवळे पडते.

दुरुस्तीनंतर इथिलीन ग्लायकॉलयुक्त शीतक आणि शुद्ध पाणी साधारण समप्रमाणात भरून प्रणालीतील हवा काढतात. ग्लायकॉल चवीला गोड परंतु विषारी असल्याने सांडलेले द्रव जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका घेतली. वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल घडवणारा रचनाबदल अशी फेरबदलाची व्याख्या त्याच कलमात आहे. त्यामुळे खराब रेडिएटर किंवा पंखा बदलणे आणि वेगळ्या जातीचे इंजिन बसवणे या गोष्टी कायद्याच्या दृष्टीने एकसारख्या नाहीत. सातारा (एमएच-११), सांगली (एमएच-१०) आणि कराड (एमएच-५०) येथील परिवहन कार्यालये या भागातील वाहनांची नोंदणी करतात.