जायकवाडीचा मातीचा बांध

पैठण म्हणजे शांतिब्रह्म एकनाथ महाराजांची नगरी. तिच्या उशाशी गोदामाईला अडवून जायकवाडीचा बांध उभा राहिला. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी श्रीमती इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. निजामी राजवटीत हे धरण बीड जिल्ह्यात जायकवाडी गावाजवळ योजले होते. जागा बदलली, नाव मात्र तेच राहिले! बांध सुमारे १० किलोमीटर लांब, बहुतांशी मातीचा, दरवाजे २७. जलाशयास नाथसागर म्हणतात.

डावा कालवा जालना-परभणीकडे, उजवा बीडकडे गेला. तिकडच्या कोरडवाहू रानात ऊस डोलू लागला. मात्र पाण्याखाली शंभराहून अधिक गावांची जमीन गेली. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे तालुक्यांतील माणसे काळीभोर राने, राहती घरे, गावदेवांची ठाणी सोडून माळावर आली. कालव्याचे पाणी उताराने खाली धावते; ज्यांनी गाव दिले त्यांना ते पंपाने उचलून आणावे लागले.

पडेगावही धरणाच्या वरच्या अंगास. येथील शिवार पाऊस व विहिरींच्याच भरवशावर राहिले. शेजारच्या शहरास नाथसागर लाभला, तोही नळातून व कारखान्यांपुरता.