जुनी हत्यारांची पेटी घेताना काय तपासावे?

घरी सुतारकाम, मोटारसायकलची देखभाल किंवा शेतीपंपाची किरकोळ दुरुस्ती करणाऱ्यांकडे पाने, पक्कड, छिन्न्या, ड्रिल अशी हत्यारे वाढत जातात. ती पोत्यात किंवा बादलीत ठेवली तर गंजतात आणि वेळेवर सापडत नाहीत. खणांची नवी लोखंडी पेटी महाग पडते, म्हणून अनेकजण वापरलेली पेटी शोधतात. आजऱ्यासारख्या सह्याद्रीलगतच्या, भरपूर पावसाच्या तालुक्यात अशी पेटी निवडताना रंगापेक्षा तिचा तळ आणि खण पाहणे महत्त्वाचे आहे.

कुठे शोधावी?

आजरा आणि गडहिंग्लजमधील गॅरेज, फॅब्रिकेशनची दुकाने आणि भंगारवाल्यांकडे आधी चौकशी करावी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर तसेच शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत यंत्रकामाचे कारखाने आहेत. एखादे वर्कशॉप बंद होते किंवा सामान बदलते, तेव्हा अशा पेट्या विक्रीला निघू शकतात. पुण्याचा जुना बाजारही हत्यारांसाठी ओळखला जातो. मात्र लांबून आणायची असेल तर टेम्पोभाडे किमतीत धरावे.

पत्रा किती जाड आहे?

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिमी, २० गेज सुमारे ०.९ मिमी आणि २२ गेज सुमारे ०.७ मिमी. जड पाने आणि हातोडे ठेवायचे असतील तर सांगाडा १८ किंवा २० गेजचा असलेला बरा. बाजूच्या पत्र्यावर अंगठ्याने दाब द्यावा. तो सहज आत जाऊन ‘टक’ असा आवाज आला, तर पत्रा पातळ आहे.

गंज वरचा की आतला?

वरवरचा तांबूस गंज तारेच्या ब्रशने निघतो. पापुद्रे सुटलेला किंवा भोके पडलेला पत्रा मात्र रंगाने सुधारत नाही. पेटी आडवी करून तळ, कोपरे आणि जोड बॅटरीच्या उजेडात पाहावेत. ताजा रंग दिसला तर लोहचुंबक फिरवावे. जिथे ते कमी चिकटते तिथे खाली लांबी भरलेली असू शकते.

खण आणि चॅनेल

- रिकामा खण सगळ्या पेट्यांचा नीट सरकतो. आठ-दहा किलो वजन ठेवून तो पूर्ण बाहेर ओढून पाहावा.
- सांगाड्याच्या समोरच्या बाजूची दोन्ही तिरकी मापे टेपने घ्यावीत. ती जुळली नाहीत तर सांगाडा वाकलेला आहे आणि खण अडकत राहणार.
- खराब चॅनेल बदलता येते, पण त्याच लांबीचे आणि जाडीचे मिळेल का, हे आधी हार्डवेअरच्या दुकानात विचारावे.
- दोन-तीन भरलेले खण एकदम उघडल्यास उंच पेटी पुढे कलंडू शकते. घरात लहान मुले असतील तर पेटी भिंतीला बांधावी आणि जड हत्यारे खालच्या खणात ठेवावीत.

लाकडी पेटी असेल तर

जुनी सागवानी पेटी टिकाऊ असते. मात्र बारीक छिद्रे, पिठासारखी भुकटी किंवा मातीच्या रेषा दिसल्यास भुंगा अथवा वाळवी लागलेली समजावी. तळफळीवर स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून लाकूड पोकळ नाही ना, हे पाहावे.

किंमत कशी ठरवावी?

पेटीचे वजन गुणिले भंगाराचा दर, ही झाली सर्वांत खालची किंमत. मागितलेल्या रकमेत चॅनेल, चाके, कुलूप, रंग आणि वाहतूक यांचा खर्च मिळवावा. ही बेरीज नव्या पेटीच्या जवळ गेली तर जुनी घेण्यात फायदा नाही. विकणाऱ्याचे नाव, तारीख आणि रक्कम असलेली पावती घ्यावी. माल चोरीचा निघाला तर ती उपयोगी पडते.

घरी आणल्यावर

जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नये. पाणी लावून, मास्क घालून आणि मुलांना दूर ठेवून घासावा. गंज काढलेल्या जागी रेड ऑक्साइडसारखा प्रायमर लावून मगच रंग द्यावा.

पेटी सोप्यात किंवा परड्यातल्या शेडमध्ये ठेवताना विटा अथवा लाकडी ठोकळ्यांवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवावी. खणांत वर्तमानपत्र अंथरू नये, कारण ते ओल धरते. रबरी चटई घालावी, पण पावसाळ्यात ती अधूनमधून उचलून खालचा पत्रा पुसावा. ओली हत्यारे पुसून, तेलाचा हलका हात फिरवूनच आत ठेवावीत.