दाखल-खारीज रजिस्टरातले पूर्वज

पणजोबांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांना सांगता येते. पणजीचे नाव विचारले की मात्र आपण अडखळतो. ही माणसे कोणत्या गावी राहत होती याचा लेखी पुरावा काय, या प्रश्नाला तर बहुधा उत्तर नसते. आरमोरीसारख्या जंगलपट्टीतील तालुक्यात हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नाही. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला जातवैधता प्रमाणपत्र हवे असेल, तर १९५० पूर्वीच्या नोंदीला मोठे वजन असते. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार इतर पारंपरिक वननिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हा शोध थेट १९३० पर्यंत मागे जातो.

युरोपात असा शोध घेणाऱ्याला चर्चच्या वह्यांचा आधार असतो. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये कॅथलिक धर्मगुरूंवर विवाहनोंदीचे बंधन घातले. गोव्यातील चर्चच्या वह्या याच परंपरेतल्या. पण तिथेही मागे जाता जाता धर्मांतर केलेल्या पूर्वजापाशी धागा तुटतो, कारण त्याचे नाव-आडनावच बदललेले असते. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या आहेत; मात्र यात्रेला गेलेल्यांचीच नावे त्यांत चढली.

मग आरमोरीकडच्या शेतकऱ्याचा किंवा मजुराचा पणजोबा शोधायचा कुठे? पहिली अडचण कचेऱ्यांची. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, १९०५ मध्ये गडचिरोली तहसील निर्माण झाली, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. गाव जागचे हलले नाही, पण त्याच्यावरची कचेरी बदलत गेली. म्हणून कागद शोधण्यापूर्वी, त्या साली आपले गाव कोणत्या तहसिलीत होते हे पाहावे लागते.

दुसरी अडचण नोंदींची. प्रत्येक वही कोणाच्या तरी गरजेपोटी जन्मली. जमीनबंदोबस्ताच्या मिसली सारा ठरवण्यासाठी तयार झाल्या. त्यांत मालगुजार आणि कुळे सापडतात, भूमिहीन सापडत नाहीत. कोतवालाने दिलेल्या वर्दीवरून जन्ममृत्यूची नोंद होई. पण बारशाआधीच वर्दी गेल्यामुळे तिथे पुष्कळदा बापाचे नाव आणि ‘मुलगा’ एवढेच आढळते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे नाव मिळते, परंतु जन्मतारीख अनेकदा अंदाजाने घातलेली. जुन्या रजिस्टरांत १ जुलैला जन्मलेल्या मुलांची गर्दी दिसते, ती यामुळेच.

समजा, रजिस्टरात ‘लक्ष्मण वल्द सोमा, जन्म १ जुलै १९३२’ अशी नोंद आहे, आणि कोतवालपंजीत त्याच गावच्या सोमाला फेब्रुवारी १९३१ मध्ये मुलगा झाल्याचे लिहिले आहे. हा मुलगा लक्ष्मणच का? गावात सोमा नावाचे किती जण होते? लक्ष्मणच्या भावंडांच्या जन्माशी ही तारीख जुळते का? सोमाच्या बापाचे नाव जमिनीच्या कागदात येते का? स्वतंत्रपणे लिहिलेल्या तीन अपुऱ्या नोंदी एकाच माणसाकडे बोट दाखवू लागल्या, म्हणजे आपला निष्कर्ष बळकट होतो. प्रयोगशाळेतही आपण याहून वेगळे काही करत नाही.

एक गणितही करून पाहू. आईबाप २, आजी-आजोबा ४, असे मोजत गेल्यास दहाव्या पिढीत १०२४ पूर्वज येतात आणि दहा पिढ्यांचे मिळून २०४६. आते-मामे भावंडांच्या लग्नाची रीत असेल तर काही माणसे दोनदा मोजली जातात, म्हणून प्रत्यक्ष संख्या कमी भरते. तरीही बापाकडून बापाकडे जाणाऱ्या वंशावळीत यांतले फक्त १० असतात! पणजी सापडत नाही याचे कारण ती अज्ञात होती हे नव्हे. तिला कोणत्याच वहीत रकाना नव्हता.

वनहक्क नियमांनी, म्हणूनच, कागदाबरोबर वंशावळ, गावातील वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदन, जुन्या विहिरी आणि दफनभूमी यांनाही पुरावा मानले आहे. या साऱ्यात शाळेचे रजिस्टर हा शिक्षकांच्याच कपाटातला पुरावा आहे. त्याला वाळवी लागली, तर एखाद्या कुटुंबाचा १९३० चा एकमेव साक्षीदार गेला असे समजावे. फाटलेल्या पानांवर चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डिंक कालांतराने कागद खातो. पानांची छायाचित्रे काढून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवावीत. आठवी-नववीच्या मुलांकडून तीन पिढ्यांची वंशावळ लिहून घ्यावी, ती स्त्रियांच्या माहेरच्या नाव-गावांसकट. ही माहिती सांगू शकणाऱ्या आज्या आज घरोघरी आहेत; त्यांचे सांगणे याच वर्षी वहीत उतरायला हवे.