पाठीचा कणा आणि दाराची फळी

शहापूर आणि मुरबाड ह्या ठाणें जिल्ह्यांतील दोन डोंगरी तालुक्यांत भातशेतीचा आरंभ पावसाबरोबर होत नाहीं. तो त्यापूर्वीं कित्येक महिने झाडावर होतो. भाताचीं रोपें ज्या तुकड्यांत वाढवावयाचीं, ती जमीन आधीं भाजावी लागते. त्यासाठीं ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडून, वाळवून, गवत व शेण ह्यांसह तेथें पसरतात आणि पेटवितात. ह्यालाच राब म्हणतात. १८८५ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठीं मुंबई सरकारनें आयोग नेमला, तेव्हां राबासाठीं फांद्या तोडण्याचा हक्क हा वादाचा एक मोठा विषय होता. वाद झाडाचा होता. झाडावर चढणाऱ्याचें दुःख निराळें. कमरेला कोयता अडकवून चढलेल्या मनुष्याचा पाय सुटला, म्हणजे तो पुष्कळदां पायांवर किंवा बैठकीवर आदळतो आणि आघाताचा सारा भार पाठीच्या कण्यावर येतो.

छातीच्या मागें कण्याचे १२ मणके असतात व प्रत्येकास दोन्ही बाजूंनीं एकेक बरगडी जोडलेली असते. बरगड्यांच्या १२ जोड्यांपैकीं वरच्या ७ छातीच्या मधल्या हाडाला सरळ मिळतात, पुढील ३ आपल्या वरच्या बरगडीच्या आधारानें मिळतात आणि शेवटच्या २ पुढील बाजूस मोकळ्याच राहतात. ह्या पिंजऱ्यामुळें कण्याच्या ह्या भागास बळकटी येते. परंतु पिंजरा संपून कंबर जेथें सुरू होते, तेथें ताठ भागाची व लवचीक भागाची गांठ पडते. उंचावरून पडलेल्याचा मणका बहुधा तेथेंच चेपतो. नुसता मणका चेपला, तर मनुष्य विश्रांतीनें बरा होऊन पुन्हां कामाला लागूं शकतो. मणक्यांच्या पोकळींतून जाणाऱ्या मज्जारज्जूला इजा झाली, तर मात्र पाय निर्जीव होतात.

हें ज्ञान आजकालचें नाहीं. ईजिप्तमध्यें लक्सर येथें १८६२ सालीं एडविन स्मिथ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें एक जुनी गुंडाळी विकत घेतली. सुमारें ३६०० वर्षांपूर्वींच्या त्या लेखांत ४८ रुग्णांचीं वर्णनें डोक्यापासून खालीं अशा क्रमानें आहेत. त्यांत मोडलेल्या बरगड्या आहेत, आणि शेवटचा रुग्ण पाठीचा मणका लचकलेला आहे. त्याचें वर्णन चालू असतांनाच लेख अर्ध्या वाक्यावर तुटतो.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत हाडें मोडण्याच्या कारणांमध्यें पडणें हें पहिलें सांगितलें आहे. मांडीचें किंवा नडगीचें हाड मोडल्यास रुग्णाला फळीवर निजवावें आणि तो हलूं नये म्हणून भोंवतीं पांच खुंट्या माराव्या, असें सांगून ग्रंथकार तोच विधि कंबर, पाठीचा कणा व छाती ह्यांनाहि लावतो. ह्या निजविण्याला त्यानें कपाटशयन असें नांव दिलें आहे. कपाट म्हणजे दार. मोडलेल्या कण्याला वांकूं देऊं नये, हें मर्म त्या एका शब्दांत सांठविलेलें आहे.

जुन्या ग्रंथांतील सर्वच गोष्टी मात्र तशाच टिकल्या नाहींत. बरगडी मोडल्यास रुग्णाला उभें करून, तूप चोळून, छाती पट्टीनें वेष्टावी असें सुश्रुत सांगतो. विसाव्या शतकांत पुष्कळ वर्षें रुग्णालयांतहि बरगड्यांवर चिकटपट्ट्या घट्ट आवळीत असत. त्यानें वेदना कमी भासते, परंतु श्वास उथळ होतो, कफ सांठतो आणि फुप्फुसाचा दाह होण्याची भीति असते. म्हणून आतां छाती बांधीत नाहींत. वेदना शमवून रुग्णाला खोल श्वास घ्यावयास लावतात. ग्रंथाचा मान राखून त्यांतील निवड करणें, हीच शास्त्राची रीत होय.

पाठीचा दुसरा जुना शत्रु म्हणजे कुबड. कुबड पूर्वजन्मींचें फळ समजून घरोघरीं सोसलें जात असे. कण्याचें हें वांकणें आणि पायांतील शक्ति जाणें ह्यांचा संबंध लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट ह्यांनीं १७७९ सालीं वर्णिला. १८८२ सालीं रॉबर्ट कॉख ह्यांनीं क्षयाचा जंतु दाखविला, आणि असलीं पुष्कळ कुबडें मणक्यांच्या क्षयानें येतात हें स्पष्ट झालें. हा क्षय छातीच्या मागील मणक्यांतच विशेष आढळतो. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसीन सांपडेपर्यंत महिनेन् महिने निजवून ठेवणें हाच मुख्य उपाय होता. पुढें मद्रास येथील प्रयोगांनीं असें दाखविलें, कीं योग्य औषधें नियमानें घेतल्यास बहुतेक रुग्ण हिंडतां फिरतां बरे होतात. तेव्हां मुलाची पाठ महिनोन् महिने दुखत असेल, संध्याकाळीं कणकण येत असेल आणि वजन उतरत असेल, तर दैवाकडे बोट न दाखवितां त्याला वैद्याकडे नेलें पाहिजे.

ज्ञान वाढलें, त्याबरोबर रुग्णालयेंहि जवळ आलीं. मुंबईस १८४५ सालीं जमशेटजी जीजीभाईंचें रुग्णालय उघडलें. १ जानेवारी १८६१ रोजीं आगगाडी कसाऱ्याला पोंचली आणि १८६५ सालीं थळ घाट चढून इगतपुरीस गेली. १८९५ सालीं राँटगेन ह्यांना क्ष-किरण सांपडले व न चिरतां मणका पाहतां येऊं लागला. पाय गेलेला रुग्ण पूर्वीं शय्याव्रणांनीं व मूत्रविकारांनीं लवकरच दगावत असे. १९४४ पासून इंग्लंडांत लुडविग गुटमन ह्यांनीं अशा रुग्णांना नीट जपून पुन्हां उद्योगास लावण्याचा मार्ग घालून दिला. मुंबईंत हाजी अली येथें १९५५ सालीं पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकाहि येऊं लागली.

राहिली ती पाड्यापासून सडकेपर्यंतची वाट. शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत अजूनहि कित्येक पाड्यांवरून रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळींतून खालीं आणावें लागतें. तापानें फणफणलेल्याला झोळी चालते. झाडावरून पडलेल्याला ती घातक होऊं शकते. झोळींत पाठ धनुष्यासारखी वांकते, आणि जो मज्जारज्जु पडतांना वांचला, त्याला वाटेंत इजा होण्याचा संभव असतो. चार माणसांनीं हातपाय धरून उचलण्यांतहि तोच धोका आहे. डोकें, खांदे व कंबर एकाच वेळीं, एका रेषेंत वळवून त्याला सपाट फळीवर घेणें आणि पट्ट्यांनीं बांधून तसेंच नेणें, एवढेंच करावयाचें असतें. रुग्णालयांत पोंचतांच फळी काढावी, कारण संवेदना गेलेल्या त्वचेला कठीण फळीवर लवकर व्रण पडतात.

ह्यासाठीं कांहीं विकत आणावयास नको. झोपडीला फळ्यांचें दार असतें, नाहींतर शाळेंत बांक असतो. सडक होईल तेव्हां होवो. तोंपर्यंत पडलेल्या मनुष्याचे पाय वांचविण्यास बिजागरीवरून उतरविलेलें एक दार पुरेसें होऊं शकेल.