रूळ १८६४ चे, लोकल २०१३ ची

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या असा समितीचा निरोप आला, तोवर पाण्याची टाकी, लिफ्ट आणि गणेशोत्सव हे विषय इतरांनी घेऊन टाकले होते. मी रेल्वे मागून घेतली. आपण पंचवीस वर्षांपूर्वी पालघरला घरं घेतली ती कुणाच्या भरवशावर? रेल्वेच्याच ना? पण तेव्हा इथे लोकल नव्हती. ती आली तेव्हा आपली सोसायटी बारा-तेरा वर्षांची झाली होती आणि माझी बँकेची नोकरीही संपली होती. एवढा उशीर का झाला, हे नव्या रहिवाशांना आणि मुलांना ठाऊक असावं म्हणून हा लेख.

आपल्याकडे रेल्वे उशिरा आली असं मुळीच नाही. बी.बी.सी.आय. कंपनीनं गुजरातकडून मार्ग टाकत आणला आणि १८६४ मध्ये तो मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. म्हणजे हे रूळ तेव्हापासून आपल्या भागातून गेलेले आहेत. १२ एप्रिल १८६७ ला विरार ते बॅकबे अशी गाडी सुरू झाली, तीही दिवसाला जाऊन-येऊन एकच. मुंबईच्या पश्चिम उपनगरी सेवेची सुरुवात तिथपासून मानतात.

पुढे वीज आली. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्ही.टी. ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर धावली. पश्चिमेकडे ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत वीज पोहोचली. ही सगळी वीज १५०० व्होल्टची, एकाच दिशेनं वाहणारी, म्हणजे डी.सी. त्या काळी गाडीची मोटर चालवायला तीच सोयीची होती. विरारला तार थांबली, ती साडेतीन दशकांहून जास्त काळ तिथेच थांबली.

मधल्या काळात तंत्र बदललं. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेनं फ्रान्सचा धडा घेऊन यापुढे २५,००० व्होल्टची ए.सी. वीज वापरायचं ठरवलं. कारण सोपं आहे, बँकेतल्या माणसालाही कळेल असं! समजा, एका लोकलला तीस लाख वॅट शक्ती लागते. १५०० व्होल्टवर त्यासाठी २००० अँपिअर प्रवाह लागतो, २५,००० व्होल्टवर फक्त १२०. प्रवाह कमी म्हणजे तार हलकी, गळती कमी आणि उपकेंद्रंही लांब लांब चालतात. डी.सी.ला ती दर काही किलोमीटरवर बांधावी लागतात. नव्या मार्गासाठी ए.सी.चा निर्णय योग्यच होता.

सत्तरच्या दशकात विरार-अहमदाबाद मार्गावर हीच नवी वीज आली. आपल्या शेजारी तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू होतं, आता डोक्यावर तारही आली. तरी लोकल काही येईना! कारण विरारजवळ दोन वेगळ्या विजा समोरासमोर उभ्या राहिल्या. मध्ये थोडं अंतर तारेत वीजच नसे, गाडी आपल्या वेगाच्या जोरावर तेवढा टप्पा ओलांडी. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी दोन्ही विजांवर चालणारी खास इंजिनं केली गेली. लोकलचे डबे मात्र फक्त डी.सी.वर चालणारे. त्यामुळे विरार म्हणजे जणू जकात नाकाच झाला.

त्या नाक्यावर आपली उमेदीची वर्षं गेली. पहाटेची शटल किंवा मेमू, विरारला उतरून पुलावर धावाधाव, मग चर्चगेट लोकल. संध्याकाळी हेच उलट. शटल चुकली की घरी जेवण झाकून ठेवलेलं असायचं आणि मुलं झोपलेली. आपल्या बिल्डिंगमधली दोन कुटुंबं याच कारणानं फ्लॅट विकून नालासोपाऱ्याला गेली. हे त्यांच्या हौसेनं झालं नाही.

सुटका झाली ती नियोजनातून. १९९९ मध्ये रेल्वे मंत्रालय आणि महाराष्ट्र शासन यांनी मिळून मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन स्थापन केलं. जागतिक बँकेचं कर्ज घेऊन जो प्रकल्प हाती घेतला, त्यात जुनी डी.सी. काढून ए.सी. आणायचं काम होतं. ऐकायला सोपं वाटतं, पण व्होल्ट वाढले की तार आणि पूल यांच्यात जास्त मोकळी जागा लागते, सिग्नलची यंत्रणा बदलावी लागते आणि दोन्ही विजांवर चालणाऱ्या नव्या लोकल आणाव्या लागतात. हे सगळं रोजची वाहतूक चालू ठेवून, रात्रीच्या दोन-चार तासांत. फेब्रुवारी २०१२ मध्ये चर्चगेटपर्यंतचं काम पुरं झालं आणि १६ एप्रिल २०१३ ला डहाणू-चर्चगेट लोकल सुरू झाली. पहिल्या बोरीबंदर-ठाणे गाडीला त्या दिवशी बरोबर १६० वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ ला, पालघर जिल्हाही झाला.

मग आजही गाड्या कमी का, असं तरुण मंडळी विचारतात. त्याचं उत्तर आता विजेत नाही, रुळांत आहे. विरारपर्यंत चार मार्ग आहेत. पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू या पट्ट्याला पिढ्यान्‌पिढ्या दोनच. राजधानी, मालगाडी, मेमू आणि लोकल, सगळ्यांनी त्याच दोन रुळांवरून जायचं. वेगवान गाडी मागून आली की लोकल बाजूला! विरार-डहाणू या ६४ किलोमीटरमध्ये आणखी दोन मार्ग टाकायला डिसेंबर २०१६ मध्ये एमयूटीपी-३ खाली मंजुरी मिळाली. पण बँकेत आम्ही म्हणायचो, कर्ज मंजूर होणं वेगळं आणि पैसे खात्यात पडणं वेगळं. जमीन, खाडीवरचे पूल, कांदळवनाच्या परवानग्या, एकेक पायरी चढूनच काम पुढे सरकतं.

एवढ्या वर्षांत मी एक शिकलो. रूळ, तार, डबे आणि फलाट यांतलं एक जरी मागे राहिलं तरी उरलेलं सगळं अडून बसतं. आपली मुलं-नातवंडं उद्या कुठे घर बघायला जातील, तेव्हा दलाल ‘स्टेशन पाच मिनिटांवर’ असं सांगेलच. त्यांनी स्टेशनवर जाऊन बघावं, रूळ किती आहेत, सकाळी सात ते नऊ गाड्या किती आहेत आणि जे होणार म्हणतात त्याचं काम जमिनीवर दिसतं का. मगच चेक फाडावा.